पिळगावातली एचडीची परीक्षा

डिचोलीच्या बाजारात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सगुण तुयेकरचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात शिरलेल्या माणसाला टीव्हीचं दुखणं सांगू द्यायचं नाही, ही सगुणची रीत. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत तो विचारायचा, "आधी कोणी उघडला होता?" आणि गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी ते खोटं आहे असं धरून चालायचा. त्याच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या, एक टीव्ही उघडणाऱ्यांची आणि दुसरी टीव्हीसमोर तोंड उघडून बसणाऱ्यांची. पहिल्या जातीत अख्ख्या डिचोली तालुक्यात तो एकटाच होता.

मूळचा तो इब्रामपूरचा. बाप दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राबायचा. सगुणनं दहावी झाल्यावर म्हापशाला एका रेडिओवाल्याकडे बारा वर्षं काढली आणि तिथून हात तयार करूनच डिचोलीत आला. दुकानाच्या पाटीला रंग लागला तेव्हा गोव्यात राजभाषेचं भांडण पेटलेलं होतं. मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांच्या दारावरून मान वळवून जायचे. सगुण दोन्हीकडच्यांचे रेडिओ सारख्याच तुच्छतेनं दुरुस्त करायचा. पुढे गोवा घटक राज्य झालं, बाजारात फटाके वाजले, शेजारच्या दुकानदारानं पेढा पुढे केला. सगुणनं पेढा घेतला आणि विचारलं, राज्य झालं म्हणून लाइटीचं व्होल्टेज वाढणार आहे काय?

रविवारी सकाळी देवादिकांच्या मालिका लागायच्या, त्या वर्षांत त्याच्याइतका मान भटजीलाही नव्हता. कौलांवर चढून तो अँटेना फिरवायचा आणि खाली घरभर माणसं "दिसना, दिसना" असं ओरडत राहायची. चित्र आलं तरी तो दोन मिनिटं उगाच वर बसून राहायचा. खालच्यांना आपली किंमत कळली पाहिजे, एवढाच त्यात हेतू.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट त्याचे दुष्मनही कबूल करायचे. सगुणचा हात स्वच्छ होता. बिघडला नसलेला भाग त्यानं कधी बदलला नाही, आणि त्यानं लावलेला शिशाचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा लहान आणि चकचकीत असायचा. दुसऱ्या मेकॅनिकचं काम तो उघडून बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कुणी शिळं कालवण पुढे ठेवल्यासारखा भाव यायचा.

मग डिश आली, भिंतीला चिकटणारे टीव्ही आले आणि त्यांच्या मागोमाग एचडी आलं. सगुणचा खरा राग एचडीवर. टीव्ही मोठा घेतला, ठीक आहे, घर मोठं असेल. पण दर महिन्याला जादा पैसे भरून तीच माणसं, तीच रडारड, तेच क्रिकेट बघायचं, हा त्याला शुद्ध गाढवपणा वाटायचा. त्यातून लोक तो मिरवायचे. "आमच्याकडे एचडी आहे," असं सांगताना त्यांचा आवाज घरात कलेक्टर आहे असं सांगावं तसा व्हायचा.

घरी जाऊन दुरुस्ती करताना सगुणला एक गोष्ट लक्षात आली आणि त्याला घबाडच सापडलं. एचडीचं चित्र पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीतून येत नाही, त्याला चपट्या पिनेची वेगळी वायर लागते. पण डिश बसवायला आलेले पोरगे घाईत हाताला लागेल ती वायर खोचून निघून जायचे. चपटी वायर खोक्यातच राहायची. म्हणजे माणसं एचडीचे पैसे भरत होती, साधं चित्र बघत होती आणि वर काचेसारखं दिसतंय म्हणून शपथा खात होती.

असं घर सापडलं की सगुण वायर लगेच बदलायचा नाही. आधी तो यजमानाला बोलू द्यायचा. चित्र कसं आहे, पैसे वसूल होतात काय, आधीच्यापेक्षा फरक कळतो काय, असं मायेनं विचारायचा. यजमान खुलून सांगायचा, खेळाडूचा घामसुद्धा दिसतो म्हणायचा. मग सगुण घरातल्या सगळ्यांना बोलावून टीव्हीच्या मागे वाकायला लावायचा आणि ती तिरंगी वायर दाखवायचा. एका निवृत्त हेडमास्तरला त्यानं असं सुनांच्या देखत उघडं पाडलं. मास्तर पुढे बाजारात सगुणला बघितलं की पलीकडच्या बाजूनं चालायला लागले. सगुणला त्याचंही समाधान होतं.

दोन हजार बाराच्या चवथीला, म्हणजे गणपतीत, भिकाजी गावसनं त्याला पिळगावला बोलावलं. भिकाजीचे तीन ट्रक खाणीवर चालायचे. पैसा आला तसा त्यानं हॉलची अर्धी भिंत खाणारा टीव्ही आणला होता. पण त्या वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी खाणींवर बंदी आली. ट्रक अंगणात ताडपत्री पांघरून उभे होते आणि सणाला जमलेले ड्रायव्हर, मेव्हणे, शेजारी आरती झाल्यावर करायला काही नसल्यासारखे हॉलमध्ये बसून होते. त्यात टीव्हीचा आवाज गेला.

सगुणनं टीव्हीच्या मागे हात घातला आणि त्याला आवाजाचं कारण लगेच मिळालं. चवथीच्या साफसफाईत केरसुणी लागून तांबडी आणि पांढरी पिन सुटून लोंबत होती. पिवळी जागेवर होती. सगुणचं तोंड गोड झालं. तो सरळ झाला, हात पुसले आणि भिकाजीला विचारलं, एचडी घेतलंय ना?

"आठ महिने झाले," भिकाजी म्हणाला. "सगुणबाब, आरशासारखें दिसता."

सगुणनं त्याला आणखी थोडं बोलू दिलं. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांना मागे नेऊन वायर दाखवली आणि आठ महिने हा माणूस साध्या चित्राला आरसा म्हणत होता, हे आवाज चढवून सांगितलं. ड्रायव्हर हसले. ट्रक बंद पडलेल्या मालकाला हसायची संधी त्यांनाही रोज मिळत नव्हती. भिकाजी कानापर्यंत लाल झाला. त्याची बायको अर्चना आत गेली, माळ्यावरचं खोकं काढून आणलं आणि प्लास्टिकच्या पिशवीतली चपटी वायर सगुणच्या हातात दिली.

सगुणनं ती लावली. हॉलमधले दोघंतिघं एकदम पुढे सरकून बसले. अर्चना म्हणाली की आता खरंच फरक दिसतो.

इथं सगुणनं थांबायला हवं होतं. काम झालं होतं, अपमान करून झाला होता. पण त्याला ते पुरेना. तो म्हणाला की आता मी सांगितलं म्हणून तुम्हाला फरक दिसतोय. उद्या मी सांगितलं की टीव्हीतून मोगऱ्याचा वास येतो, तर तुम्ही वासही घ्याल. परीक्षा घेतो. एकालाही ओळखता येणार नाही.

त्यानं परीक्षेची तयारी अगदी चोख केली. एकच हिंदी मालिका साध्या चॅनेलवर आणि एचडीच्या चॅनेलवर एकाच वेळी चालू होती. वाहिनीचं चिन्ह येतं तो कोपरा त्यानं अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा चिकटवून झाकला. डिशच्या खोक्यावरचे आकडे रुमालाखाली गेले. चॅनेल बदलल्यावर खाली नाव येऊन जाईपर्यंत तो सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचा, मग वळायला सांगायचा. दहा वेळा बघायचं आणि प्रत्येकानं साधं की एचडी ते बोटानं दाखवायचं. चवथीला आलेली मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी भिंतीकडे वळत होती, आणि सगुण रिमोट हातात धरून त्यांच्या पाठींकडे तुच्छतेनं बघत उभा होता.

भिकाजीची आई जानकी गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीच्या बाजूला आपल्या खुर्चीवर, कदेलीवर बसलेली होती. ऐंशीच्या घरातली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला कुणी खेळात घेतलं नव्हतं. पहिल्याच वेळेला तिनंही भिंतीकडे तोंड केलं आणि वळून आपणहून बोट वर केलं.

दहा झाले. ड्रायव्हरांपैकी कुणाचे आठ बरोबर आले, कुणाचे नऊ. अर्चनाचे नऊ. म्हातारीचे दहाच्या दहा.

सगुणनं विचारलं, कसं ओळखलं? म्हातारी म्हणाली की मालिकेतल्या सुनेच्या साडीचा काठ एका खेपेला नुसता पिवळा दिसतो, दुसऱ्या खेपेला त्यातली जर सुटी सुटी दिसते. त्यात ओळखायचं काय?

सगुणला तिचं पटलं नाही. रिमोट दाबल्यावर चित्र यायला एकदा कमी वेळ लागतो, एकदा जास्त, त्यावरून तुम्ही ताडता, असं तो म्हणाला. त्यावर भिकाजीनं साधेपणानं सुचवलं की मग आता सगुणबाबनंच ओळखून दाखवावं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. कारागीर माणूस, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळणार, असंच त्याला वाटत होतं.

सगुण बसला. अर्चनानं रिमोट घेतला. सगुण प्रत्येक वेळी वळायचा, भुवया आवळायचा आणि ठाम आवाजात सांगायचा. पहिलं चुकलं तेव्हा हशा झाला. दुसरं चुकलं तेव्हा जास्त झाला. पाचव्यानंतर हसणं थांबलं, कारण सगुण आता कदेल पुढे ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर आला होता आणि तरी चुकत होता. दहात चार आले. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेवढे आले असते.

आरतीत घुमट वाजवणारा शेजारी उगाच घुमटाच्या कातड्यावर बोट फिरवत राहिला. मग म्हातारी बोलली.

"सगुणा, तुका दिसना रे. म्हापशाक वच आनी दोळे दाखय."

सगुणनं पिशवी उचलली. अर्चनानं पानावर वाढलेल्या नेवऱ्या तशाच राहिल्या. चवथीच्या घरातून तोंडात काही न घालता निघणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. तरी तो निघाला.

महिनाभर त्यानं त्या परीक्षेत खोट शोधली. टीव्हीच हलका असेल. अर्चनानं बटणं उलटी दाबली असतील. जनेलातून उजेड पडत होता. पण दुकानात काम करताना त्याच्या मनात जे यायचं ते तो स्वतःलाही सांगत नव्हता. गेलं वर्ष-दीड वर्ष त्याला दुकानातला दिवा पिवळट वाटत होता आणि त्याबद्दल तो वीज खात्याला शिव्या देत होता. सुट्या भागांवरचे आकडे वाचता येत नव्हते, त्याबद्दल त्यानं अख्ख्या चीन देशाला नालायक ठरवलं होतं. रेझिस्टरच्या इवल्याशा दांडीवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून तो वीज किती अडवतो ते ओळखायचं असतं. ते पट्टे हल्ली फसवायला लागले होते. म्हणून दुकानामागच्या घरातून तो सुलोचनाला, आपल्या बायकोला हाक मारून बोलवायचा आणि हा तांबडा की तपकिरी, असं विचारायचा. कंपन्या आता रंगसुद्धा धड लावत नाहीत, असं वर पुटपुटायचा.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सुलोचना पाण्याला गेली होती. सगुणनं स्वतःच रंग वाचले, रेझिस्टर लावला आणि स्विच दाबला. टीव्हीतून धूर निघाला. वास आला म्हणून ती कळशी टाकून धावत आली. तो जळलेल्या सर्किटच्या पाटीकडे बघत बसला होता आणि माल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तिनं खिडकी उघडली, धूर बाहेर जाऊ दिला आणि म्हणाली,

"कंपनीचे रंग उडालेले नाहीत. वर्षभर मी सांगते ते रंग तुम्ही लावताय. गिऱ्हाइकाला हे कळलं तर काय म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत म्हापशाच्या सरकारी इस्पितळात गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात पिकलेला. बाकावर बसलेल्या इतर म्हाताऱ्यांकडे बघून सगुण बायकोला हळू आवाजात म्हणाला की ही माणसं इतके दिवस थांबली कशी, यांना कळलं नाही काय.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, डाव्याचं होळीच्या सुमारास. काळा चष्मा उतरवून तो दुकानात बसला तेव्हा दिवा पांढरा होता. आकडे वाचता येत होते. चीन देशाबद्दल त्यानं काही बोलणं टाळलं.

त्या आठवड्यात साखळी गावचा एक माणूस जुना टीव्ही घेऊन आला. सगुणनं मागचं झाकण काढलं आणि त्याचे ओठ मुडपले. आत पाटीवर टाके नव्हते, शेणाचे गोळे थापले होते. दोन ठिकाणी शिसं ओघळून शेजारच्या पट्टीला चिकटलं होतं. सगुणच्या अंगात जुना उत्साह आला.

"हा कुठल्या गाढवानं उघडला होता?" त्यानं विचारलं.

माणूस गोंधळला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "तुम्हीच. गेल्या मे महिन्यात."

सगुणनं माणसाला चार दिवसांनी यायला सांगितलं. तो गेल्यावर सगुणनं ती पाटी बाहेर काढून उजेडात धरली. आयुष्यभर ज्या कामाकडे बघून तो तोंड वाकडं करत आला, ते आता त्याच्याच हातचं होतं, आणि ते गावोगाव लोकांच्या भिंतींवर, कपाटांवर, झाकणांच्या आत बसलेलं होतं. कोणाला ते दिसलं नव्हतं, म्हणून कोणी त्याला तोंडावर बोललं नव्हतं. हेडमास्तरांच्या घरचा टीव्हीही त्यानंच उघडला होता.

पुढचे दोन महिने तो स्कूटर घेऊन फिरला. वहीत नाव नव्हतं तिथं आठवणीनं गेला. आधी केलेलं काम परत बघायचंय, एवढंच सांगायचा, कारण सांगायचा नाही. लोकांना वाटलं, म्हातारपणी माणूस सुधारला. त्याला ते ऐकून आणखी चीड यायची. मास्तरांकडे तो गेला तेव्हा मास्तर दारातच उभे राहिले. सगुणनं टीव्ही उघडला, चार टाके वितळवून नव्यानं घातले आणि जाता जाता, तुमच्या टीव्हीत चूक माझी होती, एवढं जमिनीकडे बघून बोलला. मास्तरांनी चहा विचारला नाही. त्यांनी विचारला असता तर सगुणच्या नजरेतून ते आणखी उतरले असते.

पिळगावला तो सगळ्यात शेवटी गेला. ट्रकांच्या चाकांना वेल लागले होते. बंदी उठायची चिन्हं नव्हती. भिकाजी एकटाच हॉलमध्ये होता, म्हातारी तिच्या कदेलीवर. सगुणनं आधी तिला नमस्कार केला, मग टीव्ही लावायला सांगितला.

आता त्याला दिसलं. साडीची जर दिसली. आणि नुसती जर नव्हे, सगळंच दिसलं. सासऱ्याच्या मिशीखाली गोंद चमकत होता. देवळाचा दगडी खांब पुठ्ठ्याचा होता, त्यावर रंगाचा ब्रश कुठे थांबला तेही दिसत होतं. रडणाऱ्या सुनेच्या गळ्यापाशी पावडर संपून खरी कातडी सुरू होत होती. सगुण बराच वेळ बघत राहिला. माणसं जादा पैसे भरतात ते हे बघायला, असं त्याच्या मनात आलं. इतकं स्वच्छ दाखवावं असं या लोकांकडे होतं तरी काय? धुक्यात होते तेच बरे होते.

भिकाजीनं त्याला विचारलं की आता घरात पैसा येत नाही, हे एचडी बंद करू काय? एरवी सगुणनं या प्रश्नावर अर्धा तास घेतला असता.

"तुझ्या आवयला साडीची जर दिसतेय तोवर ठेव," तो म्हणाला. "बाकी सगळं बंद कर."

भिकाजीनं मान हलवली. पण पुढच्या महिन्यात त्यानं एचडीच बंद केलं, कारण बाकीचं सगळं आधीच बंद करून झालं होतं. म्हातारीनं तक्रार केली नाही. काठ पुन्हा नुसता पिवळा दिसायला लागला, एवढंच ती अर्चनाला एकदा बोलली.

या फिरण्यातून सगुणला नव्या टीव्हींचा चांगला अंदाज आला होता. त्यानं ठरवलं की घरात एक घ्यायचा, आणि एचडीही घ्यायचं. डोळ्यांचा पुरेपूर वापर झाला पाहिजे. तो सुलोचनाला एचडीची थोरवी सांगायला लागला. ती भाजी चिरत ऐकत होती. त्यानं वाहिन्यांची यादी वाचली. त्या यादीत मराठी एकही नव्हती. तिच्या सगळ्या मालिका साध्यावरच येणार होत्या. सगुणनं यादी उलटीसुलटी करून बघितली आणि एचडीवाल्यांना नव्यानं शिव्या घातल्या.

सुलोचनानं विळी बाजूला ठेवली.

"मला स्वच्छ नको," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांचे टीव्ही बघतेय. दुरुस्त झालाय का ते कळावं म्हणून तुम्ही लावून ठेवता, तो मी बघते. एकाही मालिकेचा शेवट मी पाहिलेला नाही. मालक येतो आणि टीव्ही उचलून नेतो. मला न नेता येणारा टीव्ही पाहिजे."

सगुणला हे माहीत नव्हतं असं नव्हे. त्यानं ते कधी मोजलं नव्हतं. टीव्हीच्या मेकॅनिकच्या घरात स्वतःचा टीव्ही नाही, यात हसण्यासारखं काही आहे, हेही त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यानं बत्तीस इंची टीव्ही आणला. भिंतीत स्वतः भोकं पाडून चार स्क्रू आवळले आणि सुलोचनाला ते हलवून बघायला सांगितलं. एचडी घेतलं नाही. संध्याकाळी ती पदर खोचून समोर बसली. सगुण दुकानाला कुलूप लावून मागे उभा राहिला, मग बसला. मालिका शेवटपर्यंत चालली. मध्ये तो तीनदा म्हणाला की नवऱ्याची मिशी खोटी आहे, आणि साध्या चॅनेलवरसुद्धा ते कळतं. तिसऱ्यांदा सुलोचनानं आवाज वाढवला.